बॉल बाहेर मारायचं ठरलं होतं

लोरीन हॅव्हरकॅम्पला मुख्य कोच का केलं नाही, असं मला गावात अजून कुणी ना कुणी विचारतं. दुकानाच्या रांगेत विचारतात, चर्चमधून बाहेर पडताना विचारतात. मी म्हणते, जा ना, ग्रेग स्टॅनफिलला विचारा, त्याचं ऑफिस काही चंद्रावर नाही. पण त्याला विचारायची कुणाची छाती होत नाही, आणि बेव्हचं तोंड सैल आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तर घ्या, सांगते.

बेव्ह म्हणजे मी. टॉलिव्हर कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची फिजिओ. पाय मुरगळला, गुडघा सुजला, बॉयफ्रेंडने सोडलं, की मुली माझ्या खोलीत येऊन टेबलावर आडव्या होतात. मी बर्फ बांधते. बाकीचं ऐकायला लोरीन यायची. मुली तिला कोच लो म्हणायच्या.

लोरीन सहाय्यक कोच. आमच्याकडे आली तेव्हा तिशीची होती आणि या गोष्टीत ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. मधल्या काळात तीन मुख्य कोच येऊन गेले. मुख्य कोच गेला की नवा येतो, आणि नवा आपली माणसं बरोबर घेऊन येतो, अशी या धंद्याची रीत. त्यामुळे दर वेळी लोरीन नव्या माणसापुढे बसून स्वतःचीच नोकरी पुन्हा मागायची. दर वेळी तिला मिळायची, कारण बस कुठून ठरवायची, कुठल्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुठल्या शाळेत पुढच्या वर्षी चांगली गोलकीपर तयार होतेय, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नसायचं.

काम कसलं म्हणाल तर सगळं. मुख्य कोच मुलीला बाकावर बसवणार, का बसवलं ते लोरीन समजावणार. तो आरडाओरडा करणार, ही डोळे पुसणार. शनिवार-रविवार कुठल्या तरी शाळेच्या चिखलाच्या मैदानावर छत्री धरून पोरी बघायच्या, मग त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून कोरडा केक खात 'तुमच्या मुलीची काळजी आम्ही घेऊ' म्हणायचं. आणि गंमत म्हणजे ती खरंच घ्यायची. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं, पण तो म्हणाला ऑक्टोबरमध्ये करू. ऑक्टोबरमध्ये आमचे सामने असतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला, मुली वसतिगृहात सामान टाकत होत्या त्याच आठवड्यात, आमचे मुख्य कोच डनलॅप मोठ्या विद्यापीठात निघून गेले. मुलींना निरोप द्यायला थांबलेसुद्धा नाहीत. स्टॅनफिल आमचा क्रीडा संचालक. त्याच्यापाशी नवा माणूस शोधायला वेळ नव्हता. तो माझ्या खोलीत आला, कारण लोरीन तिथेच पाण्याच्या बाटल्या मोजत बसली होती.

"लोरीन, हा हंगाम तू सांभाळ," तो म्हणाला. "हंगामी मुख्य कोच म्हणून."

"आणि पुढे?"

"पुढचं पुढे."

मला राहवलं नाही. "ग्रेग, सतरा वर्षं झाली तिला. पुढचं पुढे काय? काहीतरी नीट बोला."

तो जरा वरमला. दाराला टेकून उभा राहिला, मग म्हणाला, "बरं. लीगमध्ये पहिल्या सहात या. त्या सहांनाच शेवटच्या स्पर्धेत खेळता येतं. तिथे पोचलात तर मी कुणाला मुलाखतीला बोलावणार नाही. नोकरी तुझी."

"शब्द?" लोरीनने विचारलं.

"शब्द."

तो गेल्यावर तिने बाटल्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघून हसली. मी तिला तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला हसता आलं नाही. कारण टॉलिव्हर पहिल्या सहात येऊन बरीच वर्षं झाली होती.

डनलॅपचं मोठं ऑफिस रिकामं पडलं होतं, पण ही बाई त्यात बसायला तयार नाही. आपल्या जुन्या खुराड्यातच, केंड्राच्या टेबलाला टेबल लावून. केंड्रा म्हणजे आमची जुनी गोलकीपर, शिकून बाहेर पडली आणि लोरीनच्या हाताखाली लागली.

"अगं, त्या खुर्चीत बस तरी एकदा," मी म्हणायचे.

"खुर्ची माझी झाली की बसेन."

"तोवर काय उंदीर बसवायचे का तिथे?"

"बसू देत. त्यांनाही अनुभव होईल," ती म्हणायची आणि पुन्हा फोनला लागायची.

सुरुवातीला हरलो. मग मुली खेळायला लागल्या. कशा लागल्या ते मला सांगता येणार नाही, मला गुडघ्यांमधलं कळतं, डावपेचांमधलं नाही. पण माझ्या टेबलावर आडव्या पडलेल्या मुली कुरकुर करायच्या थांबल्या, एवढं कळलं. ऑक्टोबर संपता संपता अशी वेळ आली की घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना नुसता बरोबरीत सोडवला तरी आम्ही सहावे. लोरीनचं जेवण सुटलं होतं. मी डब्यातून घरचं जेवण आणायचे, ती दोन घास खाऊन डबा झाकून ठेवायची.

आता घरचा शेवटचा सामना म्हणजे सीनियर डे. शेवटच्या वर्षाच्या मुली आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात, माइकवरून नावं पुकारतात, फुलं देतात, आया रडतात. आणि त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींनीच सामना सुरू करायचा असा मान असतो. एखादी जखमी असली तरी तिचा मान चुकत नाही. तिला मैदानात नुसती उभी करतात. सामना सुरू झाला की समोरची टीम बॉल मुद्दाम बाहेर मारते, कारण बॉल बाहेर गेल्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही. मग सगळे टाळ्या वाजवतात, ती चालत बाहेर येते, तिच्या जागी खेळणारी मुलगी आत जाते. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. आधी फोनवर ठरतं आणि दोन्हीकडचे पाळतात.

आमची जखमी म्हणजे डेलानी फॉस. तिला लोरीननेच शोधली होती, नेब्रास्कातल्या एका शाळेत, सोळा वर्षांची असताना. ट्रकवाल्याची पोर. वाऱ्यासारखी पळायची म्हणे. म्हणे, कारण मी तिला पळताना पाहिलंच नाही. पहिल्या वर्षी सरावात उजवा गुडघा गेला. पुढच्या वर्षी बरा होता होता पुन्हा तोच. मग डावा. तीन ऑपरेशनं, आणि चार वर्षांत टीमसाठी एक मिनिट खेळणं नाही. पाणी भरलं, कॅमेरा धरला, बाकावरून ओरडून घसा बसवून घेतला, पण टीम सोडली नाही. सर्जनने मला स्पष्ट सांगितलं होतं की आता काही झालं तर ही मुलगी जन्मभर लंगडेल.

लोरीन माझ्याकडे आली. "बेव्ह, उभी तर राहू शकते ना ती?"

"उभी राहील. चालत जाईल, उभी राहील, चालत येईल. पळायचं नाव काढलं तर मी तंगडी मोडेन. तिची नाही, तुझी."

"कबूल. बाकाच्या बाजूलाच उभी करते, माझ्या नजरेसमोर. तिचे बाबा येणार आहेत गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"आणि समोरच्यांना सांगितलंस?"

"मंगळवारीच. विनीला फोन केला."

विनी डिमार्को हा समोरच्या टीमचा सहाय्यक कोच. लोरीनइतकाच जुना. वर्षानुवर्षं हे दोघं आपापल्या मुख्य कोचच्या पाठीमागे सगळं ठरवून टाकायचे. कुणी कुठल्या रंगाचे शर्ट घालायचे, कुणाची बस कुठे लावायची, कुठली जखमी मुलगी उभी राहणार. मुख्य कोच लोकांना यातलं काही माहीत नसायचं आणि माहीत करून घ्यायची हौसही नसायची.

मी म्हटलं, "विनीला कशाला? तू आता मुख्य कोच आहेस बाई. त्यांच्या रेनफ्रोला फोन कर."

"रेनफ्रोला मी कुठे ओळखते? या वर्षीच आलाय तो. विनीला सांगितलं म्हणजे झालं. आजवर कधी चुकलंय?"

चुकलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. शुक्रवारी तिने खात्री करायला विनीला पुन्हा फोन लावला. त्याने उचलला नाही. "गाडीत असेल," ती म्हणाली आणि निरोप ठेवला.

सामन्याच्या दिवशी वारा असा की झेंड्याचा खांब कुंथत होता. आया रजया पांघरून बसल्या होत्या. डेलानीचे बाबा शर्टाला टाय लावून आले होते, वर टीमचं जॅकेट. टाय काही त्या माणसाच्या गळ्याला ओळखत नव्हता. डेलानीचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या तिला पडल्या. मी तिच्या दोन्ही गुडघ्यांचे पट्टे पुन्हा एकदा आवळले.

"चालत," मी म्हटलं.

"हो गं बाई, चालत," ती म्हणाली. डोळे असे चमकत होते की मला रागावताही येईना.

सुरू व्हायच्या आधी दोन्ही मुख्य कोच हात मिळवतात. लोरीन गेली, रेनफ्रोचा हात धरून म्हणाली, "आजच्याबद्दल आभार." तो म्हणाला, "हो हो, तुम्हालाही शुभेच्छा," आणि त्याची नजर आपल्या मुलींवर. मी पाचसहा हातांवर उभी होते. मला तेव्हा काही वाटलं नाही. विनी कुठे दिसत नाही एवढंच मी लोरीनला म्हटलं. ती म्हणाली, "असेल आत."

नाणेफेक त्यांनी जिंकली. बॉल त्यांचा. शिट्टी वाजली, त्यांच्या मुलीने बॉल मागे दिला, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे. मागच्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि लांब मारला. बाहेर नाही. सरळ आमच्या बाजूला, डेलानीच्या डोक्यावरून, आणि त्यांची एक सोनेरी वेणीवाली पोर त्याच्या मागे सुसाट सुटली.

आमच्या मुली पुतळ्यांसारख्या उभ्या. त्यांना सांगितलंच तसं होतं.

"बाहेर! बाहेर मारा!" लोरीन ओरडली. कुणाला ओरडली कोण जाणे. वाऱ्यात कुणालाच ऐकू गेलं नाही.

वेणीवाली डेलानीच्या खांद्याला घासून गेली. आणि डेलानी वळली. मी तिच्या मांडीचा स्नायू ताठ झालेला पाहिला. तिने पहिलं पाऊल टाकलं, पळायचं पाऊल, आणि दुसरंही टाकलं. चार वर्षं ती याच एका गोष्टीसाठी जगत होती, ती काय उभी राहणार?

मी जागेवर खिळले. लोरीन नाही खिळली. ती रेघ ओलांडून मैदानात घुसली, या वयात, त्या जड कोटात, आणि तिने डेलानीचा शर्ट मागून मुठीत धरून तिला ओढलं. दोघी गवतावर बसल्याच. तिकडे वेणीवालीने बॉल आत सारला आणि समोरच्या प्रेक्षकांत ओरडा झाला.

मग काय व्हायचं ते झालं. खेळ चालू असताना कोच मैदानात शिरली, लाल कार्ड. चूक आमचीच, म्हणून गोल कायम. रेफरी तरुण होता, त्याला वाईट वाटत होतं असं दिसत होतं, पण कार्ड काही त्याने खिशात परत घातलं नाही. लोरीनने डेलानीला हात देऊन उठवलं, माझ्या ताब्यात दिलं, केंड्राला दोन शब्द सांगितले आणि पार्किंगकडे चालायला लागली. लाल कार्ड मिळालेल्या कोचला मैदानाजवळ थांबता येत नाही.

डेलानीचा मान टाळ्यांविना झाला. लोक इतके गोंधळले होते की टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. तिचे बाबा कठड्याला धरून उभे होते.

पुढे केंड्राने बिचारीने जिवाचं रान केलं. आमच्या मुलींनी दोनदा बॉल गोलच्या खांबाला मारला. पण सामना शून्य-एक. सातवे आलो.

संपल्यावर रेनफ्रो माझ्याकडे आला. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं आहे. "हे काय झालं? ती मुलगी जखमी होती?"

"विनीने सांगितलं नाही तुम्हाला?"

"विनी?" तो म्हणाला. "विनीला मी गुरुवारी काढलं."

तोच पुढे म्हणाला, "मला एक शब्द कुणी सांगितला असता तर मी स्वतः बॉल बाहेर मारायला लावला असता. असल्या गोष्टी मुख्य कोचने मुख्य कोचला सांगायच्या असतात."

पार्किंगमध्ये लोरीन आपल्या गाडीत बसली होती. काचा बंद, इंजिन बंद. मी शेजारी जाऊन बसले आणि विनीचं सांगितलं.

"बिचारा विनी," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बिचारा विनी? अगं तुझी नोकरी गेली!"

"त्याचीही गेली ना," ती म्हणाली. "डेलानीचा गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही."

तिने मान हलवली आणि मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली.

सोमवारी स्टॅनफिल माझ्या खोलीत आला. या वेळी दाराला टेकला नाही, आत येऊन स्टुलावर बसला. म्हणजे मला कळलं की काहीतरी काढून घ्यायला आलाय.

"बेव्ह, तुला यातलं कळतं म्हणून विचारतो. ती मुलगी दहा-वीस पावलं पळाली असती, तर गुडघा गेला असता का?"

"गेला असता किंवा नसता."

"म्हणजे सांगता येत नाही."

"कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हणजे कदाचित काहीच झालं नसतं."

मी म्हटलं, "ग्रेग, कदाचित तुम्ही आत्ता जिन्यावरून पडाल. कदाचित नाही पडणार. तरी कठडा लावलाच आहे ना?"

तो हसला नाही. "सगळे तिच्यावर प्रेम करतात हे मला माहीत आहे. पण ती घाबरली, बेव्ह. सगळी टीम एका काठावर उभी असताना मुख्य कोचला असं घाबरून चालत नाही. आणि तो फोनचा घोळ. मुख्य कोच होऊन तीन महिने झाले आणि अजून ही बाई सहाय्यकालाच फोन करते."

मी बर्फाच्या पिशव्या भरत बसले. तो गेला तेव्हा मी दार जरा जोरातच लावलं.

तरी आशा सुटत नव्हती, कारण स्टॅनफिलने अजून नाही म्हटलं नव्हतं. त्याने मुलाखतींना तीन जण बोलावले आणि लोरीनलाही बोलावलं, आपल्याच कॉलेजात पाहुण्यासारखं. तिने डनलॅपच्या काळातलं निळं जॅकेट इस्त्री करून घातलं. आमच्याकडे अशा वेळी शेवटच्या वर्षाच्या मुलींना संचालक जेवायला नेतो आणि त्यांचं मत विचारतो. मुली तर लोरीनच्याच. मी तिला म्हटलं, "बघ, पोरीच तुला खुर्चीत बसवतील."

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी डेलानी माझ्या टेबलावर होती. गुडघ्याखाली उशी, वर बर्फ. लोरीन आत आली, नेहमीसारखी, हातात पेट्रोल पंपावरची कॉफी. डेलानी उठून बसली.

"कोच, बरं झालं तुम्ही आलात. मला तुम्हाला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी."

"सांग की."

"ग्रेगनी काल विचारलं, तुम्हाला मुख्य कोच करावं का. मी म्हटलं, कोच लोसारखी सहाय्यक कोच देशात मिळणार नाही. ते म्हणाले, मी ते विचारलं नाही. मग मी म्हटलं... मुख्य कोच नको."

"अगं ए कार्टे!" मी हातातला टॉवेल आपटला. "कुणासाठी पळाली ती? कुणासाठी?"

"बेव्ह," लोरीन म्हणाली, "बोलू दे तिला."

"माझ्यासाठी पळाल्या, माहीत आहे मला," डेलानी म्हणाली. आता ती रडत होती. "मी मागितलं होतं का? बाबा रात्रभर गाडी चालवत आले. त्यांनी मला या शर्टात मैदानात कधी पाहिलं नव्हतं. मी एक पाऊल टाकलं आणि तुम्ही मला मागून धरून ओढलंत. रस्त्यावर पळणाऱ्या लहान पोरीला ओढतात तसं. गुडघा माझा होता, कोच. मी पडले असते, नाहीतर नसते पडले. पण ते माझं असतं. डनलॅप असते तर बाकावरून हलले नसते."

"हो," लोरीन म्हणाली. "तो नसता हलला."

"आणि बाकीच्या? त्या सगळ्या हरल्या. ती स्पर्धा त्यांचीपण होती. माझ्या एकटीसाठी तुम्ही त्यांना सोडून आलात. मुख्य कोचला एकटीसाठी पळता येत नाही ना? बरोबर की नाही? तुम्हीच सांगा."

मला वाटलं लोरीन आता काहीतरी बोलेल. निदान एकदा तरी ओरडेल. मी मनात म्हणत होते, ओरड गं बाई, एकदा ओरड. तिने कॉफी खिडकीत ठेवली. डेलानीच्या गुडघ्यावरची पिशवी घसरली होती, ती नीट केली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा पळेन. म्हणजे ग्रेगला तू खरं तेच सांगितलंस."

डेलानीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडली. लोरीन तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. मी तोंड फिरवून कपाट आवरायला लागले. कपाट आवरलेलंच होतं.

डिसेंबरात नवा मुख्य कोच जाहीर झाला. टेक्सासचा, पस्तिशीचा, दात फार पांढरे. तो आपले दोन सहाय्यक बरोबर घेऊन येणार होता. स्टॅनफिलने लोरीनला हे ऑफिसात बोलावून सांगितलं, तेवढी तरी रीत पाळली. पगार जूनपर्यंत चालू राहील म्हणाला. आणि मग म्हणाला की तोवर एक काम कर. पुढच्या वर्षी यायच्या म्हणून ठरलेल्या मुलींना फोन कर, कोच बदलला म्हणून त्या फुटायला नकोत. तुझं ऐकतील त्या.

ती हो म्हणून आली. मी तिच्याशी त्या दिवशी बोलले नाही. खरंच नाही बोलले, इतका राग आला होता.

तिची खोली नव्या सहाय्यकांना रंगवून हवी होती, म्हणून फोन करायला ती माझ्याकडे यायची. टेबलाच्या कडेला बसायची, पाय लोंबकळत, आणि एकेकीला फोन लावायची. केंड्रा तोवर दुसरीकडे लागली होती. त्या दुपारी पलीकडे जोसी नावाची पोर होती, आयोवातली, अजून शाळेत.

"हो, जोसी. ऐकलंस ते खरं आहे. नाही गं, मी नसेन... नाही, तुझ्यामुळे कसं? तुझा काय संबंध? रडू नको. नाक पूस आधी. हं."

मी बर्फाचं झाकण जोरात आपटलं आणि हाताने खूण केली, ठेव तो फोन. जाऊ दे तिला दुसरीकडे. सगळ्या जाऊ देत. पुढच्या वर्षी स्टॅनफिलने स्वतः बूट घालून खेळावं. लोरीनने माझ्याकडे पाठ केली.

"हे बघ, तू माझ्यासाठी थोडीच येणार होतीस? तुला नर्स व्हायचंय ना? मग इथलं नर्सिंग चांगलं आहे, मी उगाच नाही सांगत. आणि इथे बेव्ह आहे. तोंडाची वाईट आहे, पण तुझा पाय दुखला तर रात्री झोपणार नाही ती... हो, असं कर, आईला दे बरं फोन."

मग आई. आईला वसतिगृह, जेवण, बर्फात गाडी चालवायला लागेल का, सगळं. तुमची मुलगी डाव्या पायाने मारायला बिचकते, ते मी नव्या कोचना सांगून ठेवीन, त्यांनी तिच्यावर ओरडू नये म्हणून. त्या बाईचं घर, तिचा दमा, तिचा धाकटा, सगळं लोरीनला आठवत होतं. मी किती तरी वेळ हातात कात्री घेऊन उभी होते.

फोन ठेवून ती म्हणाली, "येतेय ती."

"तुला काय मिळालं त्यात?" मी म्हटलं. "सांग ना. काय मिळालं?"

तिने पुढच्या मुलीचं नाव फोनवर काढलं, बोट त्यावर धरलं आणि तसंच धरून राहिली. मी पाहिलं नाही असं दाखवलं, पण खोली ती केवढी.

"बेव्ह," ती म्हणाली, "पुढचा तू लावून दे गं. मला जमत नाहीये."

मी कात्री खाली ठेवली, तिच्या हातातून फोन घेतला आणि लावून दिला.